खुशीच्या नावापुढची टिक

"मॅडम, तिसरीतून कोणीच नाही का? दुपारपर्यंत यादी पाठवायची आहे," वानखेडे सर दारातूनच म्हणाले. सर म्हणजे आमचे हेडमास्तर.

"एक आहे सर. खुशी."

"तिले काय झालं?"

"बोलत नाही."

"मैदानात तं बोलते ना ते?"

"ओरडते सर. ओरडणं वेगळं, बोलणं वेगळं."

हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. सरांनी मान हलवली, फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि ते पोषण आहाराचे तांदूळ मोजून घ्यायला निघून गेले.

हा फॉर्म काय असतो ते सांगते. ज्या मुलांना दिसायला, ऐकायला, चालायला किंवा बोलायला त्रास आहे असं शिक्षकाला वाटतं, त्यांची नावं शाळेने तालुक्याला कळवायची असतात. मग एक दिवस शिबिर लागतं, तज्ज्ञ येतात, मुलांना तपासतात. कुणाला चष्मा मिळतो, कुणाला कानाचं मशीन. योजना चांगली आहे. आमच्याच शाळेतल्या एका मुलाला त्यातून कानाचं मशीन मिळालं आणि तो वर्गात हसायला लागला. पण फॉर्म भरतो शिक्षक, आणि शिक्षकाला काय वाटतं यावर सगळं सुरू होतं.

मी 'वाचादोष' या शब्दापुढे टिक केली. वाचादोष म्हणजे बोलण्यातला दोष. खाली निरीक्षणाचा रकाना होता, त्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'विद्यार्थिनी वर्गात बोलत नाही. प्रश्न विचारल्यास मान खाली घालते. वारंवार आजारी व गैरहजर असते.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

आमची शाळा हिंगणघाटपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली आणि चौथी सरांकडे, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे. त्यामुळे खुशी माझ्या हाताखाली दुसरीपासून होती. मुकी नव्हतीच ती. दुसरीत आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात परिपाठ संपल्यावर सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. डोळे हे एवढे मोठे.

"मॅडम, आमच्या बकरीनं दोन पिल्लं देल्ले! एक कबरं हाय अना एक पांढरं हाय!"

"देल्ले नाही, दिली. हाय नाही, आहे. अना नाही, आणि. परत बोल."

तिने परत सांगितलं. दोन चुका राहिल्या. मी परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा वाक्य बरोबर आलं, पण तोपर्यंत त्या पिल्लांचं कौतुक कुठच्या कुठे गेलं होतं. मी म्हणाले, "शाब्बास, आता कसं छान वाटतं." पिल्लांबद्दल मी एक अक्षर विचारलं नाही.

'परत बोल' ही माझी पद्धत होती. वर्गात काहीही सांगायचं असो, मागायचं असो, पूर्ण आणि शुद्ध वाक्यात. वाक्य चुकलं तर काम होणार नाही. "मॅडम, पानी प्याले जाऊ?" असं कुणी म्हटलं की मी ऐकूच आलं नाही असं करायची. पोर तिथेच उभं. वाक्य नीट करेपर्यंत उभं. बाकीच्यांना हसू यायचं. मी त्या हसण्याला कधी फार अडवलं नाही. वाटायचं, चार पोरं हसली की पाचवं लवकर शिकतं. कधी हात उगारला नाही, कधी कुणाला घालूनपाडून बोलले नाही, म्हणून स्वतःला मी प्रेमळ बाई समजत होते.

आणि पद्धतीला फळही आलं होतं. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब, एकदा वर्ग बघायला आले. माझी पाच-सहा मुलं अशी काही बोलली की साहेब खुश. "पाहा, खेड्यातली पोरं, पण पुस्तकासारखं बोलतात!" पुढच्या बैठकीत त्यांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. उरलेली सोळा-सतरा मुलं त्या दिवशी हाताची घडी घालून बसली होती. साहेबांनी त्यांना काही विचारलं नाही, आणि मीही विचारू दिलं नाही.

इथे एक गोष्ट सांगूनच टाकते, नाहीतर लपवल्यासारखं होईल. मी काही पुण्याची नाही. माहेर आष्टीकडचं. आमच्या घरी कपाशी, तूर, संत्र्याची चार झाडं आणि तोंडात अस्सल वऱ्हाडी. डी.एड. करायला पुण्याला गेले आणि पहिल्याच सराव पाठाला, म्हणजे शिकाऊ शिक्षकाने खऱ्या वर्गात घ्यायच्या तासाला, तोंडातून गेलं, "मले फळा पुसू द्या." मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी तोंडाला रुमाल लावून हसल्या. वर्षभर त्यांनी मला 'मले' अशीच हाक मारली. तेव्हापासून मी जिभेला असा काही लगाम घातला की नोकरीत पंधरा वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. आईचा फोन आला की मी वर्गाबाहेर जायची, पार हँडपंपापर्यंत. "हाव माय, जेवली मी. तू औषध घेतलं का?" एवढं बोलून पदर नीट करून परत यायची आणि दारातच कुणाला तरी म्हणायची, "हाय नाही, आहे."

हे कारण म्हणून सांगत नाही. सासुरवास भोगलेली सासू जास्त छळते म्हणतात, त्यातलीच मी एक.

तर फॉर्म. यादीत नाव दुपारीच गेलं, पण फॉर्मवर पालकाची सही लागते. खुशीची आई सुनीता शाळेत आली ती कापूस वेचणीच्या कामावरून तशीच, डोक्याला बांधलेला रुमाल सोडत. मी समजावून सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"पन मॅडम, ते मुकी नाई हो. घरी तं चूप बसत नाई."

"ताई, घरी सगळीच मुलं बोलतात. इथे बोलली पाहिजे ना?"

"तिच्यात काई कमी हाय का?"

"ते डॉक्टर सांगतील. लवकर कळलं तर बरं असतं."

ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरल्या हाय, तुमाले जास्त समजते." आणि सही केली. जन्म दिलेल्या आईला मी तिच्या पोरीबद्दल गप्प केलं, आणि तिने ते मान देऊन ऐकून घेतलं.

लहान गावात कागद कपाटात राहत नाही. शिबिर पंधरा दिवसांवर होतं, तोवर मुलांनी खुशीचं नाव 'मुकी' पाडलं. तिच्या गळ्यात एक दिवस काळा दोरा दिसला. आईने कुणाला तरी विचारून बांधला होता. चुलतीने घरी बोलून दाखवलं म्हणे, आज मुकी म्हणतात, उद्या सोयरीक कोण करेल. आठ वर्षांच्या पोरीच्या सोयरिकीची गोष्ट निघाली होती, फॉर्मवरच्या माझ्या एका टिकेवरून. शिबिरातून 'दोष आहे' असा शेरा आला असता, तर ते तिच्या शाळेच्या नोंदीत, सरकारी पोर्टलवर आणि गावाच्या तोंडात कायमचं बसलं असतं.

शिबिराच्या दिवशी मी स्वतः दोघींना हिंगणघाटला घेऊन गेले. जबाबदार शिक्षिका ना. खुशीने नवा फ्रॉक घातला होता. रस्ताभर ती खिडकीतून बाहेर पाहत आईच्या कानात काहीतरी सांगत होती. मी मागे वळून पाहिलं की गप्प.

शिबिर एका हॉलमध्ये होतं. चादरी बांधून चार भाग केलेले. डोळे, कान, हातपाय, बोलणं. प्रत्येकाला नंबरची चिठ्ठी. आमचा नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. बोलणं तपासणाऱ्या बाईंना स्पीच थेरपिस्ट म्हणतात. तरुण होत्या, नागपूरहून आलेल्या. त्या म्हणाल्या, "आई आत या. मॅडम, तुम्ही बाहेर थांबाल का थोडं?" मला ते जरा लागलंच. मी चादरीला लागून खुर्ची ओढून बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

पिशवी उपडी केल्याचा आवाज आला. प्लॅस्टिकचे प्राणी असावेत.

"काय वं माय, कोनासंग आली?" थेरपिस्ट बाईंनी विचारलं. मी दचकले. डॉक्टर बाई अशा बोलतात?

त्यांनी एक प्राणी तिच्यापुढे सरकवला असावा.

"हे पाह्य, बकरी. तुमच्या घरी हाय का बकरी?"

मग खुशीचा आवाज आला. "हे बकरी नोहय. हिचे शिंगं पाहा ना. हे मेंढा वाटते."

"हाव का? मले तं बकरीच वाटली."

"आमच्या घरी हाय ना बकरी! तिले यंदा तीन पिल्लं झालते, एक मेलं. पांढरं वालं मह्यासंग निजते. आई वरडते, पन ते रडते मंग मी आनतो त्याले आंदर..."

ती बोलत राहिली. आमच्याकडे बायका-मुलीही 'मी आनतो'च म्हणतात. थेरपिस्ट बाईंना मध्ये 'मंग?' एवढंच म्हणावं लागत होतं. पिल्लू कसं मेलं, बाबांनी कुठे पुरलं, त्यावर तिने कोणती फुलं ठेवली, मोठी बकरी दोन दिवस कशी खात नव्हती. मुद्देसूद, क्रमाने, एकही गोष्ट न विसरता. कथाकथन म्हणून मी वर्गात जे शिकवत होते, ते ही मुलगी न शिकवता करत होती. दीड वर्षात तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तोही चादरीआडून.

मला अजूनही वाटत होतं की एवढ्यावर भागेल. लाजाळू आहे, अनोळखी माणसाशी खुलली, असं काहीतरी म्हणून उठता येईल. पण थेरपिस्ट बाईंनी फॉर्म पाहिला असावा. त्यांनी आईला विचारलं, "वारंवार आजारी म्हनून लिहिलं हाय. काय होते तिले?"

"ताप येते जी. यंदा तीन बार आला. डॉक्टर म्हने, लघवीत जंतू हाय, पानी पाजत जा. घरी पेते. पन शाळेत नाई पेत. बाटली भरून देतो, तशीच वापस आनते. घरी आली का पह्यले मोरीत धावते, मंग घटाघटा पानी पेते."

"काऊन वं खुशी? शाळेत पानी काऊन नाई पेत?"

"पानी पेलं का एकी लागते."

"मंग जाजो ना एकीले."

"मॅडमले इचारा लागते."

"मंग इचारजो."

ती हळूच म्हणाली, "मले नीट इचारता येत नाई."

मी खुर्चीवर बसले होते आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत हे लेकरू कोरड्या घशाने माझ्यासमोर बसत होतं. दोन वाक्यं टाळण्यासाठी. एक पाण्याचं आणि एक एकीचं. आणि त्यातून आलेला ताप मी फॉर्ममध्ये तिच्याच नावावर लिहिला होता.

थेरपिस्ट बाई बाहेर आल्या. माझ्याशी मात्र अगदी छापील मराठीत बोलल्या.

"मॅडम, बोलण्यात काहीही दोष नाही. उच्चार चांगले आहेत, शब्दसंग्रह वयापेक्षा जास्त आहे. हा फॉर्म कोणी भरला?"

"मी."

"आत काय बोलणं झालं ते ऐकलंत?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, सही केली आणि तो माझ्या हातात दिला. "पुढचा नंबर," म्हणाल्या. त्या मला चार शब्द सुनावतील म्हणून मी वाट पाहत होते. सुनावले असते तर बरं झालं असतं, निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

बसला वेळ होता. आम्ही बस स्टँडवरच्या बाकावर बसलो. सुनीताचा चेहरा उजळला होता. पोरीला तिने पार्ले बिस्किटचा पुडा घेऊन दिला आणि मला म्हणाली, "तुमचे लय उपकार झाले मॅडम. तुमी लक्ष देल्लं म्हनून समजलं. मनातलं भेव तं गेलं." गळ्यातला काळा दोरा तिने तिथेच तोडला.

उपकार! ते ऐकून मात्र मला राहवेना. गप्प बसून बसमध्ये चढता आलं असतं. आजवर तेच केलं होतं. पण तोंड उघडलं आणि जे निघालं ते माहेरचं निघालं.

"ताई, उपकार नका म्हनू. माह्यापाईच झालं हे. पोरीत काईच कमी नव्हती. तिचं बोलनं मीच बंद केलं. ते बोलली का मी तिले टोकत होतो, सर्व्या पोट्ट्यांइच्या समोर. म्हनून ते पानी बी मागत नव्हती. माफ करा मले."

सुनीता माझ्याकडे बघतच राहिली. मी काय कबूल केलं ते तिच्या डोक्यात नंतर शिरलं, आधी कानांना ते बोलणं लागलं.

"तुमी कुठच्या हो मॅडम?"

"आष्टीकडची. आमच्या घरी असंच बोलतात."

"आमाले वाटलं तुमी पुन्याकडच्या. तुमाले आमचं बोलनं समजत नसन."

मी पदर नीट करत राहिले.

"मंग तुमाले समजत होतं? ते काय म्हनते, पानी मांगते का बाहेर जातो म्हनते, सर्वं समजत होतं?"

"हाव."

ती रागावली नाही. ओरडली नाही. खुशी आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. सुनीताने तिला हाताला धरून उठवलं आणि स्वतःच्या पलीकडे बसवलं. मग बस येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बसमध्येही त्या पुढे बसल्या, मी मागे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या यादीतून खुशीचं नाव काढण्यासाठी पत्र द्यायचं होतं. कारण काय लिहावं म्हणून मी सरांना विचारलं. झालेलं सगळं त्यांना सांगितलं. सर खूप वेळ चष्मा पुसत बसले.

"मॅडम, 'नजरचुकीने नाव समाविष्ट झाले' असं लिहा. वरचे लोक इचारतील उगाच."

"सर, पण ती नजरचूक नव्हती."

"मले माहीत हाय. मी बी तं ऐकत होतो ना रोज भिंतीआडून. मी कुठं काई म्हटलं?"

मी 'नजरचुकीने' असंच लिहिलं. खरं कारण लिहायची हिंमत झाली नाही. ते पत्र आजही फाईलला आहे, खाली माझी सही आहे.

वर्गात मी 'परत बोल' बंद केलं. पाणी आणि एकी यांना परवानगीच लागणार नाही असं सांगितलं, उठायचं आणि जायचं. मुलांना आठ दिवस विश्वास बसला नाही, दारापर्यंत जाऊन मागे वळून पाहायची. मग सवय झाली. मीही वर्गात त्यांच्यासारखं बोलू लागले. पुस्तकातली भाषा शिकवतेच, ती शिकवायलाच हवी, पण आधी पोराचं म्हणणं पूर्ण ऐकते. गंमत म्हणजे प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं, मुलाच्या घरच्या भाषेचा स्वीकार करा म्हणून. मी ते वहीत लिहून खाली लाल रेघही मारली होती.

खुशी आता चौथीत, सरांच्या वर्गात आहे. ताप परत आला नाही. भिंतीपलीकडून तिचाच आवाज जास्त येतो. सुनीता रस्त्यात भेटली तर नमस्कार करते, थांबत नाही. 'मुकी' हे नाव मात्र दोन-तीन पोरांच्या तोंडात अजून आहे. ते कोणत्या पत्राने काढायचं, ते मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात सरांच्या वर्गातले खडू संपले. "मी आनतो सर, मीच आनतो!" असा ओरडा ऐकू आला आणि धावत आलेली पावलं माझ्या दारात थांबली. खुशी होती. मला पाहून तिने फ्रॉक सारखा केला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. वाक्य जुळवत होती. मग म्हणाली, "मॅडम, सरांनी मला खडू आणायला पाठवले आहे."

एकही चूक नव्हती.

"खुशे," मी म्हटलं, "सरासंग बोलते तसंच मह्यासंग बोल ना वं."

तिने मान हलवली. "हो, मॅडम," म्हणाली. खडूचा डबा घेतला आणि गेली.

नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांना मी एवढंच सांगते, की वर्गातलं मूल गप्प झालं तर फॉर्म मागवण्याआधी एक दिवस स्वतःचं बोलणं ऐका. त्यांना ते फारसं पटत नाही, मलाही पटलं नसतं. खुशी घरी, मैदानात, सरांच्या वर्गात, साऱ्या गावात वऱ्हाडी बोलते. शुद्ध मराठी ती फक्त माझ्याशी बोलते.